हे नक्की कोण म्हणालं?

मागच्या अंकात लेखन-वाचनावरच्या सुविचारांबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा असा काही पाऊस पडला की अर्धी तर वाचूनही झाली नाहीयेत अजून. मी ३१ वर्षं ग्रंथालयात काढली, त्यामुळे 'हे कोण म्हणालं हो?' हा प्रश्न मला नवा नाही, पूर्वी लोक काउंटरवर येऊन विचारायचे, आता मोबाइल पुढे करून विचारतात एवढाच फरक. माझी पद्धत अगदी बाळबोध आहे, माणूस कधी वारला ते बघायचं आणि वाक्य पहिल्यांदा कधी छापलं गेलं ते बघायचं, दोन्ही तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे रोज एका मुलाने फळ्यावर सुविचार लिहायचा असतो. 'तलवारीपेक्षा लेखणी श्रेष्ठ' हा या वर्षात तीनदा आला आणि खाली तीन वेगळी नावं होती, नेपोलियन, शेक्सपियर आणि लोकमान्य टिळक. मुलांना काय सांगू? (एक शिक्षिका, कोरेगाव)

तिघंही नाहीत. हे वाक्य एडवर्ड बुल्वर-लिटन नावाच्या इंग्रज लेखकाचं, १८३९ मध्ये लंडनला रंगमंचावर आलेल्या 'रिशेल्यू' नाटकातलं. हा रिशेल्यू म्हणजे सतराव्या शतकातला फ्रान्सचा कार्डिनल, धर्मगुरू आणि राजाचा मुख्य मंत्री, दोन्ही एकाच झग्यात. नाटकात त्याच्याविरुद्ध कट शिजतोय, तो आता म्हातारा झालाय, जुनी तलवार हातात पेलत नाही, आणि तेव्हा तो हे वाक्य टाकतो. पण आपण जे लिहितो ते अर्धंच आहे. त्याच्या आधी एक तुकडा आहे, त्याचा अर्थ साधारण असा, की 'खरोखर थोर माणसांचं राज्य असेल तेव्हा' लेखणी तलवारीहून बलवान. ही अट फळ्यावर कुणीच लिहीत नाही.

आणि मजा बघा, ती लेखणी कोणाची? आपल्या डोळ्यासमोर लगेच पत्रकार येतो, कवी येतो, कंदिलाच्या उजेडात अग्रलेख लिहिणारा संपादक येतो. नाटकातली लेखणी मात्र मंत्र्याची आहे, हुकमावर सही करणारी. तलवार कशाला उपसू, माझ्या एका सहीने काम होतंय, असा त्याचा सूर आहे. म्हणजे हे सत्तेनेच सत्तेचं केलेलं कौतुक आहे, आणि आपण ते सत्तेविरुद्धचं घोषवाक्य म्हणून मिरवतो!

आता पुढचं ऐका, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहा गार झाला होता माझा. या बुल्वर-लिटनचा मुलगा रॉबर्ट, हा पण कवी, ओवेन मेरेडिथ या टोपणनावाने कविता लिहायचा, आणि १८७६ मध्ये तो आला हिंदुस्थानात व्हाइसरॉय म्हणून. तोच तो लॉर्ड लिटन. त्याने मार्च १८७८ मध्ये देशी वृत्तपत्रांचा कायदा आणला, ज्याला आपण शाळेत व्हर्नाक्युलर प्रेस अॅक्ट म्हणून पाठ केलं. देशी भाषेतल्या छापखानेवाल्याकडून मॅजिस्ट्रेटने जामीन लिहून घ्यायचा, सरकारविरुद्ध काही छापलं तर छापखाना जप्त, आणि कोर्टात दाद मागायची सोय नाही. इंग्रजी पेपरांना मात्र यातून सूट. कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने मग काय केलं, तर बंगाली सोडून रातोरात इंग्रजी होऊन टाकलं. बाप म्हणतो लेखणी श्रेष्ठ, आणि मुलगा लेखणीच्याच एका फटकाऱ्याने बाकीच्यांच्या लेखण्या काढून घेतो. बाप १८७३ मध्येच वारला होता, नाहीतर त्याला विचारायला मजा आली असती.

कायदा पुढचा व्हाइसरॉय रिपन याच्या काळात रद्द झाला. आणि टिळकांचं नाव मुलांच्या डोक्यात कुठून आलं असेल ते मी समजू शकते, 'केसरी' निघाला ४ जानेवारी १८८१ ला, म्हणजे या सगळ्या धामधुमीला लागूनच, त्यामुळे लेखणी म्हटलं की टिळक हे आपल्याकडे आपोआप होतं. नेपोलियनचं म्हणाल तर तो १८२१ मध्येच गेला, नाटकाच्या १८ वर्षं आधी, आणि शेक्सपियर त्याच्याही दोनशे वर्षं आधी. तसा लेखणी-तलवारीचा जोड बुल्वर-लिटनच्याही आधीचा आहे, रॉबर्ट बर्टनने १६२१ च्या आपल्या जाडजूड ग्रंथात लेखणी तलवारीपेक्षा क्रूर असते अशा अर्थाचं लॅटिन वचन दिलंय, पण तिथे ती तक्रार आहे, लोकांचे शब्द किती लागतात त्याची.

मॅडम, फळ्यासाठी मला विचाराल तर मी तुकोबांना बोलवीन. 'आम्हां घरीं धन शब्दाचींच रत्नें । शब्दाचींच शस्त्रें यत्न करूं ॥' नाटकाच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचं, शस्त्र आहे, शब्द आहे, आणि सही करणारा मंत्री कुठे नाही.

२७ फेब्रुवारीला आमच्या चौकात फ्लेक्स लागला होता, 'माझ्या मराठीची बोलू कौतुके, अमृतातेही पैजा जिंके'. माझे सासरे म्हणाले चूक आहे, मी म्हटलं अहो बाबा सगळीकडे असंच असतं. जेवणापर्यंत वाद चालला. (एक सून, नांदेड)

सासऱ्यांना नमस्कार सांगा माझा. ते बरोबर आहेत, आणि नुसत्या ऱ्हस्व-दीर्घाने नाही तर चांगले दोन हात बरोबर आहेत.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली चौदावी ओवी आहे ती:
'माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके ।
ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥'

फ्लेक्सवाल्याने काय केलं, तर 'बोलु' म्हणजे बोलणं, वाणी, हे नाम होतं, त्याचं क्रियापद करून टाकलं, जणू काय 'चला, माझ्या मराठीचं कौतुक बोलूया' असा अर्थ. 'मराठाचि' मधला तो 'चि' म्हणजे आपला 'च'. माझं बोलणं मराठीच आहे हो, साधंच आहे. आणि मग येतो 'परि'. हा 'परि' फ्लेक्सवरून गायब असतो कायम, आणि सगळा जीव त्यातच आहे. बोलणं मराठीच आहे, पण अमृताशी पैज लावली तरी जिंकेल अशी अक्षरं मी जमवीन. 'मेळवीन' हे भविष्यकाळी आहे. माउली जिंकलो असं म्हणतच नाहीयेत, जिंकून दाखवीन म्हणतायत, आणि समोर कोण तर संस्कृतवाले सगळे पंडित, ज्यांच्या हिशेबी मराठीत गीता सांगणं हाच वेडेपणा. काळ १२९० चा. ती पैज लावलेली आहे, आणि आपण तिचा निकाल लागल्याचं सर्टिफिकेट करून चौकात टांगलं.

आणि हे अक्षर इकडचं तिकडे होणं आजचं नाही बरं का. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींमध्ये नक्कल करता करता इतके पाठभेद शिरले होते की एकनाथ महाराजांनी १५८४ मध्ये, शके १५०६, बसून तिची प्रत शुद्ध केली. आणि शेवटी दमच दिलाय त्यांनी, 'ज्ञानेश्वरीपाठीं । जो वोवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥' नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. अमृताने भरलेल्या ताटात करवंटी आणून ठेवायची! फॉरवर्ड करायच्या आधी ही ओवी मला हमखास आठवते, आणि माझ्या भावाला पण मी ती दर आठवड्याला पाठवते, त्याच्यावर काही परिणाम नाही.

सरळ कौतुकच करायचं असेल फ्लेक्सवर, काही आडपडदा नको असेल, तर तुमच्या मंडळाला फादर स्टीफन्स सुचवा. हा जेझुइट पंथाचा इंग्रज ख्रिस्ती धर्मगुरू गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ मध्ये राशोलला त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. त्यात आहे, 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा । कि रत्नांमाजि हिरा निळा । तैसी भासांमाजि चोखळा । भासा मराठी ॥' हरळ म्हणजे खडे. खड्यात रत्न, रत्नांत निळा हिरा, तशी भाषांत मराठी. इथे परि नाही, मेळवीन नाही, नुसतं प्रेम. परक्याने इतकं म्हटलं तर फ्लेक्सवर घ्यायला हरकत नसावी.

मी अलक, म्हणजे अति लघुकथा, लिहितो. आमच्या ग्रुपवर सगळे सांगतात की जगातली पहिली अलक हेमिंग्वेने सहा शब्दांत लिहिली, पैज लावून. खरंय का? (एक अलककार, पुणे)

मी पण ही गोष्ट कितीतरी जणांना सांगितली होती, अगदी रंगवून, त्यामुळे उत्तर देताना जरा लाजल्यासारखं होतंय. गोष्ट अशी, की हॉटेलात लेखक मंडळी जेवायला बसलेली, हेमिंग्वे म्हणतो सहा शब्दांत पूर्ण कथा लिहून दाखवतो, प्रत्येकाने दहा डॉलर ठेवा, आणि मग तो टेबलावरच्या नॅपकिनवर लिहितो: 'विकणे आहे: बाळाचे बूट, न वापरलेले.' सगळे गप्प, पैसे हेमिंग्वेच्या खिशात. (मराठीतही मोजून सहाच शब्द होतात, आणि 'विकणे आहे' तर आपल्या छोट्या जाहिरातींची ठरलेली भाषाच, म्हणून आपल्याकडे ती जास्तच पटते असं मला वाटतं.)

आता तारखा. हेमिंग्वे गेला १९६१ मध्ये. ही गोष्ट त्याच्या नावाने पुस्तकात सापडते १९९१ मध्ये, पीटर मिलर नावाच्या एका लिटररी एजंटच्या पुस्तकात, आणि तो म्हणतो की मला १९७४ मध्ये एका वर्तमानपत्रवाल्याने सांगितली. म्हणजे माणूस जाऊन ३० वर्षं झाल्यावर, आणि तेही ऐकीव. त्याच सुमाराला हेमिंग्वेवर एक एकपात्री नाटक आलं, त्यात पण हा किस्सा होता, मग काय, रंगमंचावरून खाली उतरलेला किस्सा परत कोण चढवणार.

पण याच्या मागे जाल तर खरी गंमत आहे. १९०६ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या आयर्नवुड गावच्या पेपरात एक खरीखुरी जाहिरात आली होती, बाबागाडी विकणे आहे, कधी वापरलेली नाही, याच ऑफिसात चौकशी करा. १९१० च्या मे महिन्यात स्पोकेन शहरातल्या पेपरात अशाच एका जाहिरातीवर छोटी बातमीच आली, बाळाचे हाताने शिवलेले कपडे आणि पलंग विकणे आहे, कधी वापरलेले नाहीत, आणि यामागे मूल गेल्याचं दुःख दिसतंय. तेव्हा हेमिंग्वे १० वर्षांचा होता, शाळेत असेल. १९१७ मध्ये विल्यम केन नावाच्या माणसाने लेखकांसाठीच्या एका मासिकात लिहिलं की मूल गमावलेल्या आईवर गोष्ट लिहायची तर शीर्षक 'छोटे बूट, कधी न घातलेले' असं काहीसं द्या. बघा, इथे पलंगाचे बूट झाले. १९२१ मध्ये रॉय मोल्टन या सदरलेखकाने आणखी एक जाहिरात सांगितली, बाबागाडी विकणे आहे, न वापरलेली, आणि म्हणाला यावर काय सुंदर सिनेमा होईल.

म्हणजे कुणी एकट्याने बसून लिहिलेली ही गोष्टच नाही. कुठल्यातरी घरात खरंच काही घडलं, त्यांनी सामान विकायला काढलं, पेपरातल्या लोकांच्या ते नजरेत आलं, मग एकाने पलंग काढला, दुसऱ्याने बूट घातले, तिसऱ्याने शब्द मोजले, आणि ८०-८५ वर्षांनी वर हेमिंग्वेची टोपी चढवली, कारण कमी शब्दांत लिहिणारा म्हटलं की तोच आठवतो. आपल्याकडे विनोदी काही असलं की पु. ल., नात्यांबद्दल हळवं असलं की व. पु., तसंच. तुमच्या अलकांना यातून काही मिळतं का बघा, मला विचाराल तर मला स्पोकेनची ती जाहिरातच जास्त लागते, त्यातलं ते 'हाताने शिवलेले'. ते सहा शब्दांत बसलं नाही म्हणून गेलं.

माझे मिस्टर कवी आहेत. 'पिऊन लिहा, शुद्धीत तपासा' असं हेमिंग्वे म्हणालाय असं ते मला ऐकवतात. पहिला भाग ते पाळतात, दुसरा नाही. (नाव नको)

वहिनी, हे वाक्य पीटर डी व्रीज या अमेरिकन विनोदी लेखकाच्या १९६४ च्या 'रूबेन, रूबेन' कादंबरीतलं आहे, आणि ते बोलतो त्यातला एक वेल्श कवी, जो स्वतः अट्टल पिणारा आहे आणि डिलन थॉमसवर बेतलेला आहे. तो म्हणतो की कधी मी पिऊन लिहितो आणि शुद्धीत सुधारतो, तर कधी शुद्धीत लिहितो आणि पिऊन सुधारतो. हा दुसरा अर्धा भाग तुमच्या घरात कळू देऊ नका.

हेमिंग्वे प्यायचा भरपूर, पण लिहायला बसायचा पहाटे उजाडता उजाडता, आणि 'फेअरवेल टू आर्म्स'चा शेवट ३९ वेळा लिहिला असं त्याने १९५८ च्या मुलाखतीत सांगितलंय. हा आकडा मिस्टरांना जरूर कळवा.

'दिसामाजी काहीतरी ते लिहावे, प्रसंगी अखंडित वाचीत जावे' हे दासबोधात कुठे आहे? मी दोनदा पारायण केलं, सापडलं नाही. (एक निवृत्त तलाठी, चिपळूण)

काका, सापडणार नाही, आणि त्यासाठी तिसरं पारायण करायचीही गरज नाही (पुण्य हवं असेल तर करा). ओळ मोठ्याने म्हणून बघा, 'दिसामाजि कांहींतरी तें लिहावें', आणि लगेच 'मना सज्जना भक्तिपंथेंचि जावें' म्हणा. चाल तीच. ते भुजंगप्रयात वृत्त आहे, आणि दासबोध सगळा ओवीत. म्हणजे ही ओळ दासबोधात बसूच शकत नाही, शर्टाला पायजम्याची नाडी लावल्यासारखं होईल. पाठ्यपुस्तकांत, भाषणांत 'समर्थ दासबोधात म्हणतात' असं बिनधास्त ठोकून दिलेलं असतं, ते म्हणणाऱ्याने वृत्त कानाने ऐकलेलं नसतं इतकंच.

लिहिण्याबद्दल दासबोधात जे आहे ते वेगळंच आहे आणि मला त्याहून आवडतं. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास, 'लेखनक्रिया निरूपण'. 'ब्राह्मणें बाळबोध अक्षर । घडसुनी करावें सुंदर ।' अशी सुरुवात, आणि मग अक्षर वाटोळं असावं, मोकळं असावं, काळं कुळकुळीत असावं, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालाव्यात, देशोदेशीचे बोरू आणावेत, बारीक, सरळ, असं सगळं एखाद्या कारागिराने सांगावं तसं. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत, एकाच टाकाने लिहिलंय असं वाटलं पाहिजे! स्फूर्ती वगैरेचं नाव नाही, शाई घोटा आणि बसा.

गंमत म्हणजे रोज थोडं लिहा हे युरोपातही असंच भरकटलेलं वाक्य आहे. लॅटिनमध्ये म्हण आहे, रेघेशिवाय एक दिवस नाही. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोलाने ती आपल्या मेदाँच्या घरी अभ्यासिकेतल्या शेकोटीवर कोरून घेतली होती, त्यामुळे लेखकांनी ती आपलीच मानली. पण मूळ किस्सा रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो, पहिल्या शतकात, आणि तो अपेलिसचा, म्हणजे अलेक्झांडरच्या चित्रकाराचा. कितीही कामात असला तरी एक तरी रेघ मारल्याशिवाय त्याचा दिवस जायचा नाही. लॅटिनमध्ये रेघ आणि ओळ यांना शब्द एकच, त्यामुळे चित्रकाराची रेघ गुपचूप लेखकाची ओळ झाली.

'वेळ कमी होता म्हणून पत्र लांबलं' हे मार्क ट्वेनचं ना? (एक वाचक, इंदूर)

पास्कालचं. तोच तो, आठवीतल्या दाबाच्या नियमाचा. जेझुइटांशी त्याचं कडाक्याचं भांडण चाललं होतं, टोपणनावाने पत्रं छापायचा, आणि ४ डिसेंबर १६५६ च्या सोळाव्या पत्राच्या शेवटी त्याने लिहिलं की हे लांबलं कारण आखूड करायला सवड नव्हती. छापणं चोरून चाललेलं, पोलीस मागावर, त्यामुळे ही नुसती कोटी नव्हे, खरंच सवड नसणार. ट्वेनचा जन्म १८३५ चा.

'नावात काय आहे' असं शेक्सपियर म्हणतो आणि खाली त्याचंच नाव लिहितात, हा जोक माझ्या मुलीने सांगितला. (एक बाबा, ठाणे)

जोक जुना आहे पण मुलीला शाबासकी द्या. तसं ते शेक्सपियर म्हणत नाही, ज्युलिएट म्हणते, रात्री, सज्जात, प्रेमात पडून अवघे काही तास झालेले. आणि नाटक संपेपर्यंत तिचं म्हणणं साफ खोटं ठरतं, कारण रोमिओचं आडनाव माँटेग्यू आहे एवढ्यावरून दोघं जिवानिशी जातात. आपल्याकडे आडनावावरून काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पात्राचं वाक्य लेखकाच्या गळ्यात बांधायची ही सवय फार वाईट, 'थोडक्यात सांगणं हेच शहाणपण' हे पण शेक्सपियरच्या नावाने फिरतं, आणि ते म्हणतो कोण, तर 'हॅम्लेट'मधला पोलोनियस, ज्याची टकळी थांबत नाही म्हणून राणी त्याला मुद्द्यावर ये म्हणते.

साहित्य हा समाजाचा आरसा आहे, यावर मुलाला भाषण करायचंय, मूळ कोणाचं? (एक आई, अमरावती)

असे आरसे बरेच आहेत, पण भाषणासाठी फ्रेंच कादंबरीकार स्टेंधालचा घ्या. १८३० च्या 'तांबडा आणि काळा' कादंबरीत एका प्रकरणाच्या डोक्यावर त्याने लिहिलंय, कादंबरी म्हणजे रस्त्याने नेलेला आरसा. खाली नाव मात्र सेंट-रेआल या जुन्या इतिहासकाराचं, आणि स्टेंधालला अशी वचनं स्वतःच रचून दुसऱ्यांच्या नावावर खपवायची खोडच होती. म्हणजे लोक दुसऱ्याचं आपल्या नावावर घेतात, हा उलटा. पुढे त्याच कादंबरीत तो म्हणतो, आरशात कधी निळं आकाश दिसतं, कधी रस्त्यातला चिखल. चिखल दिसला की तुम्ही आरसा वाहणाऱ्याला शिव्या देता, अहो त्यापेक्षा रस्त्याच्या त्या इन्स्पेक्टरला धरा ना, ज्याने पाणी साचू दिलं आणि डबकं होऊ दिलं! मुलाला सांगा हे वाक्य जुलैमध्ये म्हण, टाळ्या पडतील.

स्पष्टच लिहितो, राग मानू नका. वाक्य चांगलं असलं की झालं, कोण म्हणालं याच्या खोलात जाऊन तुम्हाला मिळतं काय? (एक स्पष्टवक्ते, कोल्हापूर)

राग कशाला. अर्ध मान्यच आहे मला, गुड मॉर्निंगच्या फुलाखाली काय लिहिलंय यासाठी मी झोप उडवून घेत नाही. पण अहो दादा, पुष्कळदा वाक्य बदलतं म्हणजे अगदी तोंडच फिरवतं. 'चांगले कलाकार नक्कल करतात, थोर कलाकार चोरतात', पिकासोचं म्हणून. स्टीव्ह जॉब्सने १९९६ च्या एका टीव्ही माहितीपटात ते पिकासोच्या नावाने सांगितलं आणि तेव्हापासून दर स्टार्टअपवाल्याच्या भिंतीवर आहे. १९२० मध्ये टी. एस. एलियटने लिहिलं होतं की कच्चे कवी नक्कल करतात, पिकलेले चोरतात, पण लगेच पुढे असंही, की वाईट कवी घेतलेलं विद्रूप करतात आणि चांगले कवी त्याचं काहीतरी बरं, निदान वेगळं करतात. आणि त्याच्याही आधी, १८९२ मध्ये, डेव्हनपोर्ट अॅडम्स नावाच्या गृहस्थाने एका मासिकात लिहिलं होतं, थोर कवी नक्कल करून सुधारतात आणि किरकोळ कवी चोरून नासवतात. ३० वर्षांत चोर खालच्या पाटावरून उठून वरच्या पाटावर जाऊन बसला. हे बघायला मिळतं, आणि मला तेवढं पुरतं.

दुसरं एक सांगते आणि थांबते, कारण संपादक जागा मोजतायत. 'तुझं म्हणणं मला पटत नाही, पण ते म्हणायचा तुझा हक्क मी प्राणपणाने जपीन.' विधानसभेपासून साहित्य संमेलनापर्यंत हे व्होल्टेरचं म्हणून ऐकलं असेल तुम्ही. त्याच्या काळात हेल्व्हेशियस या तत्त्वज्ञाचं पुस्तक पॅरिसमध्ये जाहीरपणे जाळलं होतं, १७५९ मध्ये, आणि व्होल्टेरला ते पुस्तक स्वतःला काही फारसं आवडलं नव्हतं, पण जाळणं अजिबातच पटलं नाही. १९०६ मध्ये एव्हलिन बिअट्रिस हॉल या इंग्रज बाईने व्होल्टेरच्या मित्रांवर पुस्तक लिहिलं, त्यात हा प्रसंग सांगताना तिने हे वाक्य अवतरणचिन्हांत टाकलं आणि पुढे लिहिलं की असा आता त्याचा पवित्रा होता. झालं, लोकांनी चिन्हं पाहिली, 'पवित्रा' पाहिला नाही. पुढे १९३९ मध्ये तिने एका पत्रात स्पष्ट सांगितलं की शब्द माझेच आहेत, व्होल्टेरचे समजू नका. कोण ऐकतंय. त्यात पुस्तकावर पण तिचं खरं नाव नव्हतं, एस. जी. टॅलंटायर असं टोपणनाव, म्हणजे बाई आहे हेही कळू नये.

तेव्हा कोरेगावच्या मॅडम, उद्यापरवा कुणी हा सुविचार आणला तर फळ्यावर खाली 'एव्हलिन बिअट्रिस हॉल' असं लिहायला लावा. नाव लांब आहे, जागा पुरली नाही तर अक्षर बारीक काढायला सांगा.